कुठल्या रांगेत?

आमच्या ह्यांची सारी नोकरी एसटीत, बार्शी आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. माणसांचे लोंढे गाड्यांत बसवायचे हे काम, आणि आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सोडायच्या हा त्या कामातला सण. घराणं माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. कुठेही रांग दिसली की हे आधी ती कशी लावली आहे ते बघतात, मग कशासाठी आहे ते विचारतात. मी शाळेत गणित शिकवलं. देव मानत नाही. नवऱ्याचं नाव मात्र घेत नाही, आणि यातली विसंगती दाखवून द्यायला घरातलं कोणी विसरत नाही.

पंढरपूरला विठोबाच्या दोन रांगा असतात हे मराठी माणसाला सांगायला नको. पदस्पर्शाच्या रांगेत पायांवर डोकं ठेवायला मिळतं, पण आषाढीला तिच्यात तासन् तास जातात. मुखदर्शनाची रांग त्या मानाने झटपट सरकते. लांबून चेहरा बघायचा आणि पुढे व्हायचं. दोन्ही जमलं नाही तर नामदेव पायरीला हात लावून, कळस बघून माणसं परत फिरतात आणि घरी येऊन दर्शन झालं असंच सांगतात. माझ्या सासूबाईंनी बहुतेक वाऱ्या कळसावर भागवल्या आणि त्यात त्यांना कधी काही कमी वाटलं नाही. तेव्हा देव किती जवळून बघितला, हा प्रश्न वारकऱ्याला नवा नाही. पण तुम्ही कशाला आलात, असं त्या रांगेत आज कोणी विचारत नाही. मी ह्यांच्यासोबत पदस्पर्शाच्या रांगेत उभी राहिले आहे, गाभाऱ्यापर्यंत गेले आहे आणि हात न जोडता बाहेर आले आहे. मागच्या बाईने 'चला माउली, चला' म्हणून पुढे ढकललं, एवढंच.

तो प्रश्न आम्हाला इस्तंबूलमध्ये विचारला गेला, पहिल्याच दिवशी.

लेक हांबुर्गला असते. तिच्याकडे जाताना वाटेत इस्तंबूलला उतरायचं हा हट्ट माझा होता. नववी-दहावीच्या मुलांना गोल आणि शंकू शिकवताना मी आयासोफियाचं चित्र फळ्याशेजारी लावत असे. ती वास्तू ५३२ ते ५३७ या जेमतेम सहा वर्षांत उभी राहिली, आणि सम्राट जस्टिनियनने ते काम ज्या दोघांवर सोपवलं ते नुसते गवंडीकामातले उस्ताद नव्हते, भूमितीचे जाणकार होते. ट्रॅलीसचा अँथेमियस आणि मायलीटसचा इसिडोर. अँथेमियसने आरशांवर आणि वक्ररेषांवर लिहिलं आहे, इसिडोरच्या हाताखालून आर्किमिडीजच्या ग्रंथांची संपादनं गेली आहेत. गणिताच्या बाईला यापेक्षा मोठं तीर्थक्षेत्र कुठलं मिळणार? तीर्थक्षेत्र हा शब्द ह्यांचा. मी तो तेव्हाच खोडून काढला होता.

२०२४ चा ऑक्टोबर होता. ट्रामने सुलतानअहमदला उतरलो, तीळ लावलेलं कडं, ज्याला तिकडे सिमित म्हणतात, ते चावत चौकात आलो. इथे पूर्वी रथांच्या शर्यती होत. आता मोकळी लांबट जागा आहे, आणि तिच्या मध्यावर रांगेने दोन विचित्र वस्तू. एक इजिप्तचा गुलाबी दगडी स्तंभ, फेरो तिसरा थुटमोस याने कर्नाकच्या देवळासाठी घडवलेला. सम्राट थिओडोसियसने तो इथे ३९० मध्ये उभा केला. त्याच्याजवळ, आजच्या जमिनीपेक्षा खोल खड्ड्यात, काशाचा पिळदार खांब. एकमेकांत गुंतलेले तीन सर्प. इ.स.पूर्व ४७९ मध्ये प्लाटियाच्या लढाईत ग्रीकांनी इराण्यांना हरवलं, त्या विजयाबद्दल हा खांब डेल्फीच्या अपोलोला वाहिला होता. कॉन्स्टंटाइनने तो उचलून आपल्या नव्या राजधानीत आणला. सर्पांची डोकी केव्हाच गेली आहेत.

ह्यांनी कठड्यापाशी उभं राहून त्या बिनडोक्याच्या सर्पांना हात जोडले.

'कोणाला?' मी विचारलं.

'नागोबाला. आणखी कोणाला?'

जवळून शाळकरी मुलांचा घोळका गेला, एक पोलीस गेला, चेस्टनट भाजणारा आपल्या शेगडीशी उभा होता. कोणी ढुंकून बघितलं नाही. अपोलोचे भक्त संपून दीड हजार वर्षं झाली, कर्नाकच्या अमूनचेही संपले. ज्या देवाचे भक्त संपले त्याला कठडा पुरतो. दरवाजा लागत नाही. त्याच्यापुढे कोणीही काहीही करावं, कोणाच्या भावना दुखावत नाहीत. हे मला तेव्हा गंमत म्हणून सुचलं. तासाभराने त्याची गरज पडली.

मग सुलतानअहमद मशीद. १६०९ ते १६१७ मधली, सहा मिनारांची, निळ्या फरशांमुळे पर्यटक जिला निळी मशीद म्हणतात ती. आत जायला पैसे नाहीत; चपला हातात घ्यायच्या, बायकांनी डोकं झाकायचं. मी ओढणी डोक्यावरून घेतली, कानामागे खोचली. ह्यांनी ते बघितलं आणि मशिदीत असेपर्यंत काही बोलले नाहीत. बाहेर बागेत बाकावर बसल्यावर म्हणाले, 'आईसमोर कधी पदर घेतला नाहीस.'

खरं होतं. सासूबाईंशी त्यावरून पहिल्या वर्षी अबोला झाला होता. माझं उत्तर तयार होतं: डोकं झाकणं हा यजमानाच्या घराचा नियम आहे, चपला काढण्यासारखा. तो पाळला म्हणून मी काही कबूल करत नाही. हात जोडणं हे मात्र विधान आहे. जोडले तर मी काहीतरी मानते असं म्हटल्यासारखं होतं, आणि मानत नसताना ते म्हणणं खोटं.

'विठोबा काय प्रमेय आहे का, विधान करायला?' ह्यांनी विचारलं. 'हात जोडणं हाही घराचाच नियम आहे. आत आलं की करायचं असतं. पुढचं पुढे.'

या मुद्द्यावर आम्ही इतक्या वर्षांत कुठेच पोचलेलो नाही, त्यामुळे उठलो आणि समोरच्या आयासोफियाकडे निघालो. ओढणी मी डोक्यावर तशीच राहू दिली. पुन्हा काढा, पुन्हा घ्या, कोण करणार?

तिथली आताची व्यवस्था अशी. चौकाकडचा दरवाजा प्रार्थनेला येणाऱ्यांचा. त्यांना पैसे नाहीत, ते थेट खाली, घुमटाखालच्या गालिच्यावर जातात. परदेशी पर्यटकांचा दरवाजा वेगळा, माणशी २५ युरो. त्यांनी उताराच्या वाटेने वरच्या सज्जात जायचं आणि तिथून बघायचं. खालच्या दालनात उतरायचं नाही. जानेवारी २०२४ पासून हे असं आहे. मला हे माहीत होतं. ह्यांना मी सांगितलं नव्हतं, कारण दोघांचे मिळून सुमारे साडेचार हजार रुपये एका वास्तूला, हे बार्शीत सांगितलं असतं तर बेत तिथेच मोडला असता.

ह्यांनी आपल्या सवयीने दोन्ही रांगा न्याहाळल्या. एक लांब, वळसे घेतलेली, फोन उंचावलेल्या माणसांची. दुसरी जवळजवळ नाहीच; माणसं येत होती आणि आत जात होती. ज्याला जादा गाड्यांचा अनुभव आहे तो कुठल्या रांगेकडे वळेल? हे सरळ दुसऱ्या दरवाजाकडे चालू लागले. मी मागोमाग.

तिथल्या रखवालदाराने आधी माझ्याकडे बघितलं. डोक्यावर ओढणी, सावळा रंग, साठीची बाई. त्याने हाताने आत जायची खूण केली. मग त्याची नजर ह्यांच्याकडे गेली, गळ्यातल्या माळेवर थांबली, परत माझ्याकडे आली. 'प्रेयर?' त्याने विचारलं.

'येस,' हे म्हणाले. ठाम.

'मुस्लिम?'

हे गप्प. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, 'वारकरी कसं सांगू?'

मी मान हलवून नाही म्हटलं, दोघांच्याही वतीने. रखवालदाराने उजवा हात छातीवर ठेवला, किंचित झुकला आणि त्या दुसऱ्या, लांब रांगेकडे बोट दाखवलं. इतक्या सभ्यपणे मला आजवर कोणी परत पाठवलेलं नाही. मुद्दा त्याच्या वागण्याचा नव्हताच. मुद्दा असा की त्या दरवाजाशी आम्ही दोघं उभे होतो. एकाला आत जाऊन मनापासून प्रार्थना करायची होती, आणि दुसरीला प्रार्थनेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने आत घ्यायची खूण केली ती मला.

लांब रांगेत उभं राहायला पुष्कळ वेळ होता, आणि आम्ही तो वाया घालवला नाही.

माझं म्हणणं होतं की हा दरवाजा जे विचारतो त्याचं उत्तर दरवाजाला तपासता येत नाही. श्रद्धा दिसत नाही. मग तो जे दिसतं त्यावर निवड करतो: कपडा, रंग, पारपत्र, गळ्यातली माळ, हातातला कॅमेरा. आणि हा दोष इस्तंबूलच्या रखवालदाराचा नाही. श्रद्धेच्या नावाने उभ्या केलेल्या कुठल्याही दरवाजाचा आहे. मन विचारायचं आणि शरीर तपासायचं, याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. चोखोबांची भक्ती मोजायचं माप पंढरपुरात कोणापाशी नव्हतं. जात मात्र सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून ते आयुष्यभर बाहेर राहिले, आणि १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली सापडून गेल्यावर त्यांची समाधी झाली तीही महाद्वारासमोर, देवळाबाहेर.

इथे मला जपून लिहायला हवं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या स्पर्शालाही अपवित्र ठरवलं त्यांचं बाहेर राहणं, आणि पंचवीस युरो भरून वरून बघा असं सांगितल्या गेलेल्या पर्यटकाचं बाहेर राहणं, या दोन गोष्टी एका पारड्यात घालणं हा उद्धटपणा होईल. पहिली जखम आहे, दुसरी फार तर गैरसोय. पण दोन्ही दरवाजांचं तर्कशास्त्र एका ठिकाणी मिळतं, आणि ते ठिकाण मला गणितातल्या माणसाच्या खोडीने दिसल्याशिवाय राहत नाही.

एक वर्ष माझ्या डोक्यात त्या रांगेत सारखं घोळत होतं: १९३५. आयासोफिया आधी नऊशे वर्षं चर्च होतं, १४५३ मध्ये सुलतान दुसऱ्या मेहमेदने शहर जिंकल्यावर मशीद झालं. अतातुर्कच्या मंत्रिमंडळाने २४ नोव्हेंबर १९३४ ला ठराव करून त्याचं संग्रहालय केलं, आणि १ फेब्रुवारी १९३५ ला ते सर्वांना खुलं झालं. कुठल्याही धर्माचा माणूस, बाई, नास्तिक, सगळे एकाच जमिनीवर. त्याच वर्षापर्यंत नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला होता, १९३० पासून. दरवाजा उघडला नाही तो नाहीच. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. एकीकडे एक दरवाजा सगळ्यांसाठी उघडला, दुसरीकडे एका माणसाने बंद दरवाजाकडे पाठ फिरवून सांगितलं की मला आता तुमचं आतलं काही नको. पंढरपूरचा दरवाजा उघडायला त्यानंतरही बारा वर्षं लागली, आणि १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना त्यासाठी प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. मला नेहमी वाटत आलं आहे की देवळांचे प्रश्न सोडवायचा खरा मार्ग अतातुर्कचा होता. देव ठेवा, नाही तर काढा; दरवाजा मात्र कोणाला काही विचारणार नाही. म्हणून जुलै २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने तो जुना ठराव रद्द केला आणि आयासोफिया पुन्हा मशीद झाली, तेव्हा बार्शीत बसून मला उगाचच हळहळ वाटली होती.

हे सगळं मी ह्यांना ऐकवलं. ह्यांनी नेहमीप्रमाणे एसटी मध्ये आणली. 'आम्ही खिडकीवर कुठे जायचं ते विचारतो. कशाला जायचं ते विचारत नाही.'

'आधारकार्ड मागता की. बाईला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट.'

'ते तपासता येतं म्हणून विचारतो,' हे म्हणाले, आणि मग आपण माझाच मुद्दा मांडला हे लक्षात येऊन हसले. पण लगेच दुसऱ्या बाजूने आले. 'मला सांग, आषाढीला गाभाऱ्यात रोज पन्नास हजार माणसं नुसती फोटो काढायला आली तर? रांगेतल्या म्हातारीने काय करायचं? ज्याला टेकायला आलेत त्याला टेकायला जागा नको? वर सोडतात ना आपल्याला. कळसदर्शन समज.'

याला माझ्यापाशी चांगलं उत्तर नव्हतं. २०२० नंतरची तीनेक वर्षं तिथे सगळ्यांना फुकट खाली सोडत होते, आणि त्या गर्दीत जुन्या राजद्वाराचं लाकूड कोणी कुरतडून नेल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या.

वर जायची वाट म्हणजे पायऱ्या नाहीत. दगडी उतार आहे, वळत वळत चढणारा, पावलांनी गुळगुळीत झालेला. वर पोचलो आणि कठड्याशी आलो. मी बराच वेळ काही बोलू शकले नाही, एवढं सांगून पुढे जाते, कारण वर्णनं पुष्कळांनी केली आहेत. मी फक्त भूमितीचं सांगते. चौकोनी जागेवर गोल घुमट कसा बसवायचा? एक चौरस घ्या आणि त्याच्या चारही कोपऱ्यांना टेकणारा अर्धगोल कल्पा. चौरसाच्या बाजूंबाहेर गेलेला भाग उभा कापून टाका. चार कमानी मिळतात. आता कमानींच्या माथ्यांवरून आडवा काप घ्या. खाली उरतात चार कोपऱ्यांतले चार वक्र त्रिकोण, आणि वर, काहीही न करता, एक पूर्ण वर्तुळ. त्या वर्तुळावर घुमट ठेवायचा. विजापूरच्या गोलघुमटात हेच काम एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी साधलं आहे, आणि तिथे मी सहलीच्या मुलांना दर वर्षी ते बोटाने दाखवत आले. पण तो घुमट त्यानंतर अकराशे वर्षांनी झाला. इथे, सहाव्या शतकात, सुमारे ३१ मीटर रुंदीचा घुमट जमिनीपासून ५५ मीटर उंचीवर, आणि त्याच्या पायाशी ४० खिडक्या! जिथे भार सर्वांत जास्त तिथेच भोकं पाडायची हिंमत. पहिला घुमट अधिक चपटा होता, तो ५५८ मध्ये कोसळला; धाकट्या इसिडोरने दुसरा उंच करून बांधला. सज्जातले खांब आजही बाहेर झुकलेले दिसतात. भाराने ढकलले आहेत. पडले नाहीत.

खाली हिरवट गालिचा आणि त्यावर तुरळक माणसं. गालिच्यावरच्या रेघा इमारतीशी समांतर नाहीत, तिरप्या आहेत. चर्चचा अक्ष एका दिशेला, मक्का जराशी उजवीकडे. म्हणून मेहराब मधोमध नाही आणि नमाजाच्या ओळी इमारतीशी छोटा कोन करून बसतात. दोन धर्मांमधलं अंतर अंशांत मोजता येईल असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. मेहराबीच्या वर, अर्धघुमटात, मांडीवर बाळ घेतलेली मेरी आहे, नवव्या शतकातली, मोझेकची. नमाजींना समोर चित्र नको म्हणून तिच्यापुढे पडदे लावलेले असतात.

'नैवेद्य चालला असेल,' हे म्हणाले.

खालच्या भक्तांसाठी जो पडदा, तो ह्यांच्या घरच्या पद्धतीने पूर्ण समजण्याजोगा होता. देव जेवताना पडदा ओढतात. त्यात देवाचा अपमान नाही आणि बघणाऱ्याचाही नाही. मला पडद्यात इतिहास दिसत होता, ह्यांना दिनक्रम.

आणखी एक गोष्ट मी ह्यांना आनंदाने सांगितली. चर्चच्या काळात या वरच्या सज्जात बायका बसत. सम्राज्ञीच्या आसनाची जागा हिरव्या दगडाच्या वर्तुळाने अजून दाखवलेली आहे. पुढे मशिदींतही बायकांची जागा बऱ्याचदा वर किंवा मागे. मला आयुष्यभर कुठल्याही देवाघरी याच बाजूला उभं केलं गेलं. शनिशिंगणापूरला २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितल्यावर चौथरा बायकांना मोकळा झाला, तेव्हा मी पेढे वाटले होते. चौथऱ्यावर जायची इच्छा मात्र मला त्या आधीही नव्हती आणि नंतरही झाली नाही. हे लोकांना कळत नाही. जिथे जायचंच नाही तिथे जाण्याचा हक्क कशाला हवा? मला तो हवा असतो तो देवासाठी नव्हे. दरवाजात उभ्या राहणाऱ्या माणसाने माझ्या शरीरावरून माझ्याबद्दल ठरवू नये म्हणून.

दक्षिणेकडच्या सज्जात, संगमरवरी दारापलीकडे, ते मोझेक आहे ज्याचं चित्र सगळ्या पुस्तकांत असतं. मधे येशू, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा देणारा योहान. दोघंही माणसांसाठी रदबदली करत आहेत. खालचा बराचसा भाग गळून गेला आहे, चेहरे राहिले आहेत. तेराव्या शतकातलं काम. त्याआधी १२०४ मध्ये पश्चिमेकडच्या ख्रिस्ती फौजांनी हे ख्रिस्ती शहर लुटलं आणि १२६१ पर्यंत बळकावून ठेवलं. त्या फौजेचा एक म्होरक्या, व्हेनिसचा डांडोलो, त्याच्या नावाची फरशी या चित्रापासून चार पावलांवर जमिनीत आहे. योहानाच्या कपाळावरच्या आठ्या आणि विस्कटलेले केस बघताना मला त्या फरशीची आठवण सारखी येत होती.

ह्यांना इतिहासाशी काम नव्हतं. हे चित्रासमोर गेले, चपला घातलेल्या आहेत हे पाहून जरा अवघडले, आणि हात जोडून डोळे मिटून उभे राहिले. मागे फोटोवाल्यांची दाटी झाली. एका मुलीने ह्यांना चुकवून फोन वर धरला. शेजारी एक वयस्क बाई होती. तिने इकडेतिकडे बघून चटकन, छातीपुढे लहानसा क्रूस केला आणि हात खिशात घातला. हे डोळे उघडून बाजूला आले तेव्हा मी म्हटलं, 'तुम्हाला पर्यटकांच्या तिकिटावर आत घेतलंय.'

'तुझ्या म्युझियमात मला हे करता आलं असतं?'

मी उत्तर टाळलं असतं, पण ते मला येत होतं. संग्रहालयाच्या काळात तिथे धर्मविधींना मनाई होती. ज्या खालच्या जमिनीवर मला, देव न मानणाऱ्या बाईला, मोकळेपणी हिंडता आलं असतं, तिथेच कोणी नमाजाला चादर अंथरली असती तर त्याला उठवलं असतं. म्हणजे माझा तो लाडका दरवाजाही विचारतच होता. फक्त प्रश्नाचं बरोबर उत्तर वेगळं होतं. चर्च म्हणतं प्रार्थना करा, आमची. मशीद म्हणते आमची करा, नाही तर वर जा. संग्रहालय म्हणतं बघा, प्रार्थना करू नका. मन तिघांनाही तपासता येत नाही, आणि तिघांनाही त्यावर काही ना काही म्हणायचं असतं. संग्रहालयात निदान तिघांत सर्वांत कमी माणसं बाहेर राहतात, असं मी अजूनही म्हणेन. पण राहतात. आणि त्यात माझ्या घरातलंच एक माणूस असतं.

हे या विजयावर थांबले असते तर बरं होतं. पण श्रद्धाळू माणसाला शेवटी उदार व्हायची सवय असते. उतारावरून खाली येताना म्हणाले, 'तू त्या घुमटाकडे बघत होतीस ना, तीच तुझी पूजा.'

हे वाक्य मला चीड आणतं. ऐकायला फार गोड आहे, आणि त्यात माझं सगळं गिळून टाकायची सोय आहे. मी मन लावून काही बघितलं, की आस्तिक माणूस ते स्वतःच्या खात्यावर जमा करून घेतो. मी बघत होते ते अँथेमियस आणि इसिडोर यांचं काम, आणि ज्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत त्या वीटकाम करणाऱ्या हजारोंचं. तिथे मला जे वाटलं ते माणसांबद्दल वाटलं. त्यात देवाला वाटा द्यायचा असेल तर तो त्याने हिशेब दाखवून मागावा. आणि याच न्यायाने मीही ह्यांच्या हात जोडण्याला 'सौंदर्याची जाणीव' वगैरे नाव द्यायला नको, जे मी पूर्वी पुष्कळदा दिलं आहे. ह्यांनी सर्पाला, मेरीपुढच्या पडद्याला आणि येशूला जे केलं तो नमस्कार होता. मी जे केलं तो नव्हता. एकाच कठड्याला हात टेकून, एकाच दराचं तिकीट काढून, आम्ही दोन निरनिराळी कामं करत होतो, आणि ती एक आहेत असं म्हटल्याने दोघांपैकी कोणाचंही भलं होत नाही.

'मग श्रीगोंद्याचे शेख महंमद?' हे म्हणाले. 'मुसलमान घरात जन्मले, वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. त्या दरवाजाशी ते उभे असते तर खाली गेले असते की वर?'

'खाली.'

'आणि विठोबाचं नाव घेतलं असतं.'

'ते ऐकू आलं असतं तर वर पाठवलं असतं.'

'मनात घेतलं असतं,' हे म्हणाले, आणि यावर दोघांचंही समाधान झालं, दोन वेगळ्या कारणांनी.

बाहेर आलो तेव्हा अजान सुरू झाली. या चौकात आयासोफियाची आणि सुलतानअहमदची अशा दोन्ही मशिदींतून ती आळीपाळीने होते. एकीचा मुअज्जिन एक ओळ म्हणून थांबतो, मग समोरून दुसऱ्याची येते. हे ऐकून ह्यांना भजनातल्या दोन फळ्यांची आठवण झाली नाही असं होणारच नव्हतं, पण ते मी इथे लिहीत नाही. गल्लीतल्या एका खानावळीत मसुराचं सूप आणि पाव मिळाला. माळकऱ्याचं पोट त्यावर निभावलं. चहा बारीक कंबरेच्या छोट्या पेल्यात, बिनदुधाचा. ह्यांनी खिशातून डायरी काढली आणि दिवसाचा खर्च लिहायला घेतला. ट्राम, सिमित, ओढणीला लावायची पिन, आणि मग पेन थांबलं.

'पंचवीस युरो बघायचे, बरोबर? मग माझे परत मागायला हवेत. मी बघायला गेलोच नव्हतो.'

मला सज्जातलं आठवलं. तिथे सम्राज्ञी झोईचं एक मोझेक आहे. मधे येशू, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला पैशांची थैली धरलेला नवरा. तिने तीन लग्नं केली. चित्रातल्या नवऱ्याचं डोकं खरवडून तिथे तिसऱ्याचं, नवव्या कॉन्स्टंटाइनचं, बसवलं आहे आणि नावही बदललं आहे. मी हे सांगितल्यावर ह्यांनी चष्मा पुसला, जवळ गेले, मानेपाशी सांधा कुठे दिसतो ते शोधलं, मग लांब जाऊन बघितलं, मग दुसऱ्या कोनातून, आणि मी घुमटाकडे जाऊन परत आले तरी तिथेच होते.

'ते झोईच्या नवऱ्यासमोर उभे होतात ती कसली प्रार्थना होती?' मी विचारलं.

ह्यांनी डायरीत पन्नास लिहिले.